दहा मिनिटं खिडकी उघडी

भाडेकराराचं सातवं कलम असं होतं: रोज तीन वेळा, दर वेळी दहा मिनिटं, घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. खाली घरमालकांची सही होती, आणि सहीशेजारी त्यांनी पेन्सिलीने दोन शब्द वाढवले होते. तुमच्या आईने, म्हणजे माझ्या लेकीने, ते मला वाचून दाखवले: "विशेषतः हिवाळ्यात."

मला वाटलं, म्हाताऱ्याची थट्टा असेल. पहिल्याच सकाळी कळलं की हा माणूस थट्टा करत नाही, म्हणजे निदान आपण थट्टा करतोय हे त्याला कळत नाही. मी बाहेरच्या खोलीत कानटोपी, शाल आणि दोन जोड पायमोजे अशा जामानिम्यात चहा घेऊन बसले होते. दार वाजलं. उंच, जरासे वाकलेले, पांढऱ्या जाड भुवयांचे एक गृहस्थ आत आले, मान लववली, सरळ खिडकीपाशी गेले, ती दोन्ही हातांनी उघडली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. बाहेर बर्फ होतं. मी इंग्रजीत विचारलं, काही हवंय का? ते म्हणाले, "हवाच हवी आहे." मग एक शब्द नाही. दहा मिनिटांनी खिडकी लावून ते माझ्याकडे वळले.

"आता बोलू. गुड मॉर्निंग, फ्राउ ओमा."

फ्राउ ओमा म्हणजे श्रीमती आजी. माझं आडनाव त्यांना शेवटपर्यंत म्हणता आलं नाही, आणि पहिल्या नावाने हाक मारणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं, म्हणून त्यांनी हा तोडगा काढला. पुढे तीन हिवाळे मी त्या घरी येऊन-जाऊन राहिले, त्या सगळ्या काळात मी फ्राउ ओमाच होते. तुम्हा नातवंडांपैकी मोठीला थोडंफार आठवत असेल, धाकट्याचा तेव्हा पत्ताच नव्हता. म्हणून लिहून ठेवते आहे. मला सगळं क्रमाने लिहायची सवय आहे, तुम्हाला माहीत आहे. पण हा माणूस क्रमात बसत नाही.

ते गाव जर्मनीत, हॅम्बर्गहून उत्तरेला गाडीने दोन तासांवर, समुद्राच्या बांधाला लागून होतं. तुमचे बाबा सोमवारी हॅम्बर्गला नोकरीवर जायचे ते शुक्रवारी परतायचे. आई मात्र कामाला चालत जायची, कारण तिची कचेरी घराच्या मागेच होती. तिथे पूर्वी गावाची दूध डेअरी होती. लाल विटांची लांबट इमारत. डेअरी बंद पडल्यावर घरमालकांनी ती गावाकडून भाड्याने घेतली आणि तिच्यात डेटा सेंटर थाटलं, म्हणजे लोकांचे फोटो नि हिशेब सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरांचं गोदाम. दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराची गोष्ट. मी प्रथम आत गेले तेव्हा मला माझं जुनं ऑफिसच आठवलं. बत्तीस वर्षं मी रेकॉर्ड सेक्शनमध्ये काढली. तशीच रांगेने उंच कपाटं, तसाच अरुंद बोळ. फरक इतकाच की इथे धूळ नव्हती आणि सगळी कपाटं एकदम घोंघावत होती.

घरमालक मूळचे बोटीवरचे. लांबून केळी आणणाऱ्या थंड बोटींवर तीस वर्षं चीफ इंजिनिअर होते, म्हणून सगळं गाव त्यांना चीफ म्हणायचं. मी एकदा चुकून कॅप्टन म्हटलं तर त्यांनी पाच मिनिटं समजावलं की कॅप्टन म्हणजे वर उभा राहून बोट दाखवणारा; बोट चालते ती खाली. त्यांचं इंग्रजी बोटीवरचं होतं, माझं कॉन्व्हेंटचं. ते क्रियापदं गाळायचे आणि मी ती मनातल्या मनात भरायचे. असं आमचं छान चाललं.

त्यांचं म्हणणं असं की केळी आणि कॉम्प्युटर सारखेच. दोघांनाही आपण कुठे आहोत हे कळत नाही, दोघांचीही एकच मागणी, गरम होऊ देऊ नका. मग त्यांना उन्हाळी देशात ठेवून वर एअरकंडिशनर लावायचं कशासाठी? थंडी जिथे आयती आहे तिथे त्यांना आणा. म्हणून त्यांच्या डेअरीत एअरकंडिशनर नव्हता. लांब भिंतींना दोन्ही बाजूंनी मोठ्या लोखंडी झडपा होत्या. वारा ज्या बाजूने येईल त्या बाजूच्या झडपांतून गार हवा आत घ्यायची, यंत्रांवरून फिरवायची, आणि तापली की दुसऱ्या बाजूने सोडून द्यायची. म्हणजे आमच्या भाडेकराराचं सातवं कलमच, फक्त दहा मिनिटांऐवजी दिवसरात्र.

आणि वीज गावच्या पवनचक्क्यांची. बांधापलीकडे चार उभ्या होत्या, गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या. मला वाटायचं, जितका वारा जास्त तितकी माणसं खूष. पण वादळाच्या दिवशी चीफ खिडकीशी उभे राहून जळफळायचे, कारण नेमक्या त्याच दिवशी चक्क्या थांबवलेल्या असायच्या. दक्षिणेकडे वीज नेणाऱ्या तारा भरून वाहायच्या, आणखी घ्यायला जागा नसायची. "जेवण तयार," ते म्हणायचे, "पाहुणे उपाशी, आणि रस्ता बंद." म्हणून त्यांनी ठरवलं, वीज तिकडे जात नाही ना, मग कामच इकडे आणू. डेटा सेंटरचा जन्म हा असा, रागातून.

या रागाचा त्रास भाडेकरूंना व्हायचा. वारा पडला की चीफ घरभर फिरून दिवे मालवायचे. कपडे धुवायचं मशीन लावलं असेल तर दारात येऊन नुसते उभे राहायचे. उलट वारा सुटला की जिन्यातूनच ओरडायचे, "विंड! मशीन!" आणि खालचे वरचे सगळे भाडेकरू कपड्यांच्या टोपल्या घेऊन धावायचे. तुमची आई वैतागायची. म्हणायची, "आई, हे काय, एकविसावं शतक आहे." मला मात्र अगदी घरच्यासारखं वाटायचं. पुण्यात आमच्या वाट्याला पहाटे तासभर नळ यायचा, आणि "पाणी आलं" म्हटलं की आम्ही बादल्या घेऊन अशाच धावायचो. आठवड्याभरात मी त्यांच्या आधी वारा ओळखून मशीन लावायला लागले. त्या दिवसापासून त्यांचं माझ्याबद्दलचं मत चांगलं झालं.

डेअरीच्या पूर्वेच्या भिंतीचा शोध मात्र माझा. तिथे वारा बहुतेक पश्चिमेकडून, समुद्रावरून यायचा. त्यामुळे गरम हवा पूर्वेच्या झडपांतून बाहेर पडायची. कोरडी, ऊबदार, मार्चमधल्या दुपारसारखी. त्या सबंध गावात मला थंडी वाजत नसे अशी ती एकच जागा. पहिल्या हिवाळ्यात मी तिथे खुर्ची टाकून बसायचे. दुसऱ्या हिवाळ्यात साबुदाणा घेऊन गेले आणि प्लॅस्टिकच्या कागदावर पापड्या घातल्या.

चीफ आले, पापड्यांकडे पाहिलं आणि परत गेले. मला वाटलं आता बोलणी बसणार. ते परत आले तेव्हा हातात तापमापक होता. हवेचं तापमान घेतलं, पापडीचं घेतलं, पुण्याच्या उन्हात किती वेळ लागतो ते विचारलं. मी दोन दिवस सांगितले. इथे त्या संध्याकाळपर्यंत कडकडीत वाळल्या. त्यांनी ते वहीत लिहिलं. पुढे कुणीही डेटा सेंटर बघायला आलं की, यंत्रांची माहिती देऊन झाली की ते अभिमानाने सांगायचे, आमच्या इथली उष्णता वाया जात नाही, तिच्यावर भारतीय पापड्या वाळतात. कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोंवर, कुणाच्या तरी पगाराच्या हिशेबांवर वाळलेल्या त्या पापड्या तुम्ही दिवाळीत तळून खाल्ल्या आहेत.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. बोटीवर रोजची नोंदवही असते, तशी चीफांनी डेअरीची ठेवली होती. काळ्या पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक, शाईच्या पेनाने लिहिलेलं. वारा कुठून, किती, आत किती तापलं, काय बिघडलं आणि का. तुमच्या आईने हे सगळं मोजायला कॉम्प्युटरवर व्यवस्था केली होती, ती दर मिनिटाला मोजायची. चीफ म्हणायचे, कॉम्प्युटर मोजतो, पण त्याला लाज वाटत नाही. स्वतःची चूक स्वतःच्या हाताने लिहिली की माणूस पुन्हा करत नाही. हे मात्र मला शंभर टक्के पटलं. आमच्या सेक्शनमध्ये चूक झाली की टाइपरायटरच बिघडलेला असायचा.

आईचं आणि त्यांचं आणखी एका गोष्टीवरून वाजायचं. झडपांना तिने मोटारी बसवल्या होत्या. वारा फिरला की झडपा आपोआप बाजू बदलायच्या. चीफांनी तरीही प्रत्येक झडपेचं जुनं हाताने फिरवायचं हँडल तसंच ठेवलं होतं. बोळात चालताना ती हँडलं कोपराला लागायची. आई म्हणायची, आता ही काढू या. ते म्हणायचे, "मोटारला हात नाहीत." ती म्हणायची, हातांची गरजच नाही, म्हणून तर मोटार. ते म्हणायचे, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि हँडलांना तेल घालायला निघून जायचे.

आता मिरचीकडे येते.

घरात प्रत्येक खोलीच्या छताला धूर ओळखणारं एकेक डबडं चिकटवलेलं होतं. मी नुसती आमटीला फोडणी दिली की ते किंचाळायचं आणि चीफ शिडी घेऊन हजर. तिसऱ्या हिवाळ्यात मला काळा मसाला करायचा होता. पुण्याहून मिरच्या आणल्या होत्या, आणि काळ्या मसाल्याला मिरची भाजताना काय होतं हे तुमच्या घरात कुणाला सांगायला नको. मी रीतसर परवानगी मागायला गेले. चीफांनी विचार केला आणि पूर्वेच्या भिंतीजवळची माझी जागा दिली. वारा पश्चिमेचा, धूर शेतावर जाईल, कुणाला त्रास नाही. मी दिवस मागितला. त्यांनी वही उघडून तीन आठवड्यांनंतरचा मंगळवार, सकाळी अकरा, असा लिहून दिला. मीही माझ्या डायरीत लिहिलं. दोन व्यवस्थित माणसांचं काम कसं असतं बघा.

त्या तीन आठवड्यांत एक गोष्ट घडली. डेअरीतली अर्ध्याहून जास्त कपाटं रिकामी होती. गिऱ्हाईक मिळत नव्हतं. एअरकंडिशनर नाही म्हटलं की शहरातली माणसं घाबरायची. गावाने चीफांना वसंत ऋतूपर्यंत मुदत दिली होती. तोवर मोठं गिऱ्हाईक आलं नाही तर ती इमारत हिवाळ्यात कॅम्पर गाड्या, म्हणजे उन्हाळी सहलींची चाकांवरची घरं, ठेवायला द्यायची असं सभेत ठरलं होतं. डेअरी गेली की तुमच्या आईची नोकरी गेली, आणि तिथे राहायचा तिचा परवाना त्या नोकरीवर होता. ती रात्री जेवताना हसून बोलायची, पण भात तसाच राहायचा. अशात हॅम्बर्गच्या एका मोठ्या कंपनीने बघायला यायचं कबूल केलं. आणि त्यांनी दिवस कळवला तो नेमका माझा मंगळवार, अकराच्या सुमाराला.

तुमची आई म्हणाली, "आई, तू मिरच्या बुधवारी भाज." मी चीफांना विचारायला गेले. ते वही बघून म्हणाले, मंगळवार लिहिलेला आहे. पाहुणे आत असतील, तुम्ही बाहेर, वारा पश्चिमेचा. लिहिलेलं आहे ते आहे. आणि खरं सांगते, मलाही ते बरोबर वाटलं. एकदा नोंद झाली की झाली. दुसरी कुठलीही दोन शहाणी माणसं असती तर बुधवार म्हणाली असती. ही चूक आम्ही दोघंच करू शकत होतो.

रोज सकाळी चीफ अंगणात जाऊन बोट ओलं करून हवेत धरायचे आणि वारा सांगायचे. त्या मंगळवारी त्यांनी टाय बांधला, बूट चमकवले आणि पाहुण्यांना घ्यायला स्टेशनवर गेले. बोट ओलं करायचं राहिलं.

मी अकराला विजेची शेगडी आणि तवा घेऊन भिंतीपाशी बसले. पहिल्या दोन मुठी छान भाजल्या. धूर माझ्या पाठीमागच्या ऊबदार हवेबरोबर शेतावर जात होता, मी नाकाला पदर लावला होता. तिसरी मूठ घातली आणि एकाएकी ऊब थांबली. भिंतीतल्या झडपा कुरकुरल्या, मिटल्या, आणि पुन्हा उघडल्या. आता त्या हवा सोडत नव्हत्या, ओढत होत्या. सकाळपासूनच फिरायला लागलेला वारा आता पूर्वेचा झाला होता. आईच्या मोटारींनी शिकवल्याप्रमाणे बाजू बदलली होती. माझ्या तव्यावरचा सगळा धूर, एक कण न सांडता, त्या भिंतीत शिरला. मी तवा उचलेपर्यंत आतून पहिली शिंक ऐकू आली. मग पुष्कळ शिंका. मग भोंगा.

आतल्या धुराच्या यंत्राचं नाक फार तिखट होतं. आग लागली असं समजून त्याने नियमाप्रमाणे सगळ्या झडपा बंद केल्या, आगीला हवा मिळू नये म्हणून. पण यंत्रं तर चालूच होती. कोंडलेली उष्णता वाढायला लागली. मी दारापाशी पोचले तेव्हा आई एका हाताने डोळे पुसत भिंतीवरचा आकडा वाचत होती. एकोणतीस. तीस. पस्तिसाला सगळं बंद करावं लागलं असतं, आणि बघायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर डेटा सेंटर बंद पडलं असतं तर मग कॅम्पर गाड्याच.

पाहुणे तिघे होते. दोन टाय घातलेले तरुण, आणि त्यांच्या वरची एक करड्या केसांची बाई, हातात कागद लावलेलं पॅड. तिघांच्याही डोळ्यांतून धारा. तरुणांपैकी एकाने विचारलं की झडपा उघडत का नाही. चीफांनी रांगांतून एक चक्कर मारली, हुंगलं, माझ्या हातातल्या तव्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. तरी ते म्हणाले, आगीचा भोंगा वाजला आहे. अग्निशमन दलाचा माणूस हो म्हणेपर्यंत झडपेला हात लावायचा नाही. आई म्हणाली, "चीफ, बत्तीस झालं." ते म्हणाले, "हो. पण आधी नियम."

गावचं अग्निशमन दल म्हणजे गावकरीच. त्यांचा प्रमुख चार घरं सोडून राहणारा सुतार. तो सायकलवर आला, हेल्मेट घालूनच. आत गेला, बाहेर आला, माझ्या तव्यात वाकून पाहिलं. एक मिरची उचलून चावली. मग डोळे मिटून जरा वेळ उभा राहिला आणि जर्मनमध्ये म्हणाला, "आग नाही. जेवण आहे."

त्याबरोबर चीफांनी कोट काढला. भोंग्याचं यंत्र पूर्ववत केल्याशिवाय मोटारी हलणार नव्हत्या, आणि त्याला वेळ लागला असता. "हँडल!" एवढंच ते म्हणाले. एका बाजूला ते आणि सुतार, दुसऱ्या बाजूला आई आणि मी. मी तवा खाली ठेवला, पदर खोचला आणि फिरवायला लागले. हँडल लोण्यासारखं फिरलं, इतकं तेल पाजलेलं होतं. मग दोन टायवाले आले. शेवटी त्या करड्या केसांच्या बाईंनी पॅड बाजूला ठेवलं आणि माझ्या शेजारचं हँडल धरलं. बाहेरची गार हवा आत घुसली. चौतीस झालं होतं, तिथेच थांबलं. तेहतीस. एकतीस. चीफ घड्याळाकडे बघत उभे होते, अगदी पहिल्या सकाळी माझ्या खिडकीपाशी होते तसे. आकडा चोवीसवर आला तेव्हा ते म्हणाले, "दहा मिनिटं. आता बोलू."

मग त्यांनी वही काढली आणि सगळ्यांदेखत लिहिलं. बाईंनी विचारलं, कारण काय लिहिलंत? त्यांनी वाचून दाखवलं: "वारा पूर्वेचा. मी पाहिलं नाही."

आईने माझ्याकडे बघून डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा. पण बत्तीस वर्षांची सवय. खोटी नोंद माझ्यासमोर व्हायची आणि मी गप्प बसायचं, हे मला जमत नाही. मी पुढे झाले आणि कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत म्हटलं, "हे अपूर्ण आहे. मिरच्या मी भाजल्या. तसं लिहा."

"नाही," चीफ म्हणाले.

"धूर माझा होता."

"फ्राउ ओमा, वहीत कारण लिहायचं. मिरची कारण नाही. मिरची माल आहे. माल कुठे उतरवायचा ते मी सांगितलं. वारा मी नाही पाहिला."

"बुधवारी भाजल्या असत्या तर हे झालं नसतं. मी ऐकलं नाही."

"तुम्ही मला विचारलं. मी मंगळवार म्हटलं."

आई मराठीत कुजबुजली, "आई, प्लीज, बास कर ना गं. ते घेतायत तर घेऊ दे ना त्यांना." मी म्हटलं, घेतायत म्हणून काय झालं, माझं आहे ते. आम्ही दोघं आणखी बराच वेळ भांडलो. सुताराने तेवढ्यात दुसरी मिरची खाल्ली. मी शेवटी म्हणाले की सरकारी खात्यात असली नोंद मी परत पाठवली असती. चीफ म्हणाले की बोटीवर माझ्यासारखा कारकून असता तर त्यांनी त्याला पुढच्या बंदरात उतरवलं असतं. वही त्यांनी मिटली.

बाईंनी हात पुढे केला आणि वही मागितली. मग आईच्या खुर्चीत बसून, नाक पुसत, त्यांनी मागची पानं वाचायला सुरुवात केली. अर्धा तास त्या वाचत होत्या. मी तेवढ्यात चहा केला. अधूनमधून त्या एखाद्या पानावर बोट ठेवून काही विचारायच्या, चीफ सांगायचे: हे पाणी शिरलं ते माझ्यामुळे, हा पंखा उलटा बसला तो मीच बसवला. जाताना त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले, माझ्याशीही, आणि कळवू म्हणाल्या. कळवू म्हणजे काय हे सगळ्या देशांत सारखंच असतं. त्या आठवड्यात आई मला एकदाच म्हणाली, "तू निदान तवा तरी लपवायचास." चीफ रोज दोनदा बोट ओलं करून वारा बघायला लागले.

माझं परतीचं विमान आठ दिवसांवर असताना पत्र आलं. आईने ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग मला मराठीत करून सांगितलं. कंपनी त्यांची यंत्रं डेअरीत ठेवणार होती. दोन अटी होत्या. एक, झडपांची हाताची हँडलं कधीही काढायची नाहीत. दोन, इमारतीच्या पन्नास मीटरच्या आत मिरची भाजायची नाही. वाचून होईपर्यंत आई हसत होती, मग रडायला लागली. मी तिच्यासमोर भाताचं ताट ठेवलं आणि तिने ते संपवलं.

चीफांनी त्याच दुपारी टेप घेऊन शेतात साठ मीटर मोजले. पन्नास का नाही, विचारलं तर म्हणाले, दहा वाऱ्यासाठी. तिथे त्यांनी माझ्यासाठी एक बाक ठोकला, शेगडीला फळी, आणि शेजारी काठीवर वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा. उरलेल्या मिरच्या मी तिथे भाजल्या, थंडीने कुडकुडत. चीफ शेजारी उभे राहून कोंबड्याकडे लक्ष ठेवून होते. मी पुन्हा एकदा म्हटलं, वहीत दुरुस्ती करा. ते म्हणाले, "नाही, फ्राउ ओमा." निघायच्या दिवशी विमानतळावर जाण्याआधी शेवटचं म्हटलं. तेव्हाही नाहीच.

पुढे तुम्ही सगळे फ्रँकफर्टला गेलात आणि माझं त्या गावी जाणं झालं नाही. दर दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं. त्यावर तारीख, वारा आणि सही. गेल्या हिवाळ्यात चीफ गेले. त्यांच्या पुतणीने वह्या तुमच्या आईकडे पाठवल्या, तुम्हीच त्या संभाळा असं त्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणे. मी आईला फोनवर म्हटलं, त्या मंगळवारचं पान काढ. तिने फोटो पाठवला.

शाईने लिहिलेलं तेच होतं, वारा पूर्वेचा, मी पाहिलं नाही. त्याच्या खाली पेन्सिलीने, मी परत निघाले त्या दिवसाची तारीख घालून, एक ओळ होती. आईने ती वाचून सांगितली:

"माल: मिरची, लाल, भारतीय. उतरवताना स्थिती उत्तम. फ्राउ ओमा यांच्या आग्रहावरून."

शाईच्या नोंदीखाली पेन्सिलीने केलेली दुरुस्ती मी बत्तीस वर्षांत एकदाही मंजूर केली नाही. ही केली.